तलवारबाज शिमग्याला निघाला

रुमैथियातल्या एका बंगल्यात आम्ही भिंतीएवढं जुनं टीव्हीचं कपाट काढून त्या जागी नवं बसवत होतो. मालक म्हातारा कुवेती होता. जुन्या कपाटाच्या खणांत काय काय भरलंय ते त्याने उघडूनही पाहिलं नाही. "शिल, शिल," म्हणाला, म्हणजे उचला आणि न्या. मी दोनदा खात्री करून घेतली, कारण परक्या घरातून खिळासुद्धा न विचारता उचलायचा नाही अशी आमच्याबरोबरच्या सुतारकाकांची शिस्त. दुसऱ्यांदा विचारल्यावर म्हातारा वैतागून आत निघून गेला. अशा रीतीने एक डीव्हीडी प्लेयर आणि एकोणीस जपानी सिनेमे आमच्या महबुल्ल्याच्या खोलीत आले.

एकोणीसही सिनेमे एकाच माणसाचे. डोक्यावर उपड्या टोपलीसारखी गवताची टोपी, पाठीवर गाठोडं, आणि गाठोड्यात छत्र्यांच्या काड्यांमध्ये लपवलेली तलवार. हा गावोगाव छत्र्या दुरुस्त करत हिंडतो. प्रत्येक गावात कोणीतरी खोत माजलेला असतो. छत्रीवाला तासभर काही बोलत नाही, मुळा खातो, छत्र्यांना कागद चिकटवतो, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत खोताची सगळी माणसं आडवी करतो. मग टोपी घालून पुढे चालू लागतो. पहिल्या सिनेमात त्या नटाचे गाल गुबगुबीत आहेत, शेवटच्यात भुवया पिकल्यात. एका माणसाचं अख्खं आयुष्य कोणीतरी खोक्यात भरून आम्हाला दिलं होतं.

खोलीत आम्ही तिघं: काका, पेंटर आणि मी. काका माझे सख्खे कोणी नव्हेत. कुडाळकडच्या आमच्या शेजारच्या गावचे, सुतार, साठीला टेकलेले. मला कुवेतला त्यांनीच आणलं आणि पटाशी नीट धरायलाही त्यांनीच शिकवलं. पेंटर माझ्यापेक्षा लहान, तिशीतला, बोलायला लागला की रंग वाळेपर्यंत थांबत नाही. तिघांचीही कुटुंबं गावाला. काका या देशात सव्वीस वर्षं होते आणि त्या वर्षी मार्चमध्ये त्यांचं कंत्राट संपत होतं. कंपनीचा मंदूब, म्हणजे कागदपत्रं करणारा माणूस, विचारून गेला होता की अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुढे वाढवायचा की कायमचं जायचं. काका आम्हाला म्हणाले, "आता खल्लास. ह्या शिमग्याक घराकडे, ता कायमचाच." असं त्यांनी याआधी दोन वेळा सांगितलं होतं. दोन्ही वेळा कंपनीने सोडलं नाही, असं ते म्हणाले होते.

कंपनी सोडत नाही म्हणून मला कोण राग. मी मुळातच तापट. मागच्या खेपेला तर मी मंदूबला साइटवर सगळ्यांदेखत गाठलं आणि माझ्या मोडक्या अरबीत सुनावलं की म्हाताऱ्या माणसाला असं बांधून ठेवणं हराम आहे. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हुवा यबी," म्हणजे त्यालाच हवंय. किती सराईत खोटं बोलतो हा, असं मला वाटलं. मी त्यानंतर वर्षभर त्याला सलाम केला नाही.

तर सिनेमे. भाषा जपानी, खाली अक्षरं अरबी. आम्हाला बोलायची अरबी येते ती साइटपुरती, वाचता तर शून्य. पहिल्या शुक्रवारी दुपारी जेवून आम्ही बघायला बसलो. दहा मिनिटं कोणाला काही कळेना. मग छत्रीवाला एका घाटातून उतरताना दिसला. पेंटर म्हणाला, "ह्यो खंय चललो?"

काका पडल्या पडल्या म्हणाले, "खंय म्हणजे? पाठीर गाठोडां बघ. शिमग्याक गावाक चललो."

एवढं सांगितल्यावर सगळा सिनेमा लख्ख समजला. गाठोडं पाठीला लावून रस्त्याने चाललेला माणूस आणखी कुठे जाणार? तो चाकरमानी होता. घरी निघाला होता आणि वाटेत दर गावात कोणीतरी त्याला अडवत होतं. खोत, पूर, लढाई, कायबाय. आम्ही आवाज बंद केला आणि मालवणीत स्वतःच बोलू लागलो. काका तरुणपणी दशावतारात राजा होत असत, त्यामुळे छत्रीवाला त्यांच्याकडे. बायकांचे आवाज पेंटरकडे, आणि तो ते इतके मन लावून काढायचा की आम्हाला त्याच्याकडे बघायची लाज वाटे. खोत आणि त्याची माणसं माझ्याकडे. मला शिव्या चांगल्या येतात.

दर सिनेमात छत्रीवाला ज्या खाणावळीत उतरे तिथे एक बाई असायची. देखणी, बहुतेक विधवा. ती त्याला भात वाढायची आणि शेवटी दारात उभी राहायची. घरी बायको वाट बघत असताना हा माणूस परक्या बाईकडे राहतो हे काकांना पटेना. त्यांनी ठरवून टाकलं की ती त्याची मावसबहीण. मग जितकी गावं तितक्या त्याला मावसबहिणी झाल्या. शेवटी ती दारात उभी राही, तो टोपी बांधी, आणि काका आवाज खाली आणून म्हणत, "येतंय हां गे. दार लावन घे." दर वेळी तेच वाक्य. पेंटर हुंदका देई, मी खोताच्या मढ्याच्या वतीने गप्प बसे, आणि मग आम्ही चहा ठेवायचो. माझ्या कुवेतमधल्या वर्षांत एवढ्या सुखाचे शुक्रवार मला दुसरे आठवत नाहीत.

एका सिनेमात सुतार होता. तो करवत पुढे रेटायच्या ऐवजी आपल्याकडे ओढून कापत होता. काकांनी तो तुकडा तीनदा मागे न्यायला लावला. दुसऱ्या दिवशी सबाह अल-सालेमला दाराच्या चौकटी करत असताना त्यांनी करवतीचं पातं उलटं लावलं आणि दिवसभर ओढून कापत बसले. अर्धी फळी वाकडी गेली. संध्याकाळी गाडीत ते इतके खुश होते की मला हेवा वाटला. या माणसाला हातात काम असलं की दुसरं काही लागत नाही हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ मी तेव्हा लावला नाही.

चाचा आले ते बाराव्या सिनेमाला. आमच्या इमारतीखाली त्यांचं शिंप्याचं दुकान. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे मुसलमान, इथे कुवेत्यांचे दिशदाशे, म्हणजे पायघोळ झगे, शिवण्यात त्यांचा जन्म गेला. अरबी त्यांना गिऱ्हाइकाशी भांडण्याइतकी येते आणि वाचता तर पेपर वाचल्यासारखी येते. माझ्या पॅंटची चेन बदलून द्यायला वर आले आणि आमचा आरडाओरडा ऐकून बसले. थोड्या वेळाने तोंडावर हात धरून हसायला लागले.

"काय झाला?" पेंटरने विचारलं.

"तुम्ही काय बोलताव नि खाली काय लिवलंय," चाचा म्हणाले. "ती भैण नाय त्याची."

काका म्हणाले, "मावसभैण."

"कंचीच भैण नाय."

हे आम्ही हसून घालवलं. बाई बहीण नसली तर नसो. पण सिनेमा संपत आला, बाई दारात आली, काकांनी घसा साफ करून म्हटलं, "येतंय हां गे." चाचांनी मान हलवली. "असा नाय बोलला तो. तो बोलला, मी जातो."

मी भडकलो. मी म्हटलं, चाचा, उंबऱ्यात उभा राहून कोणी "जातो" म्हणतं का? तुमच्या घरात म्हणतात? चाचा म्हणाले, आमच्यातही "येतो"च म्हणतात, पण इथे "जातो" लिहिलंय त्याला मी काय करू. पेंटर म्हणाला, "चाचा, तुमी चुकीचां वाचलास." चाचांना राग आला. त्यांनी चष्मा चढवला आणि म्हणाले, लावा दुसरे. मग आम्ही जुने अकरा सिनेमे काढून नुसते शेवट लावले. चाचा बोट ठेवून वाचत गेले. जातो. चाललो. माझी वाट बघू नको. तिसऱ्यात बाई विचारते, तुझं घर कुठे? तो म्हणतो, मागे राहिलं. सातव्यात ती म्हणते, खोत मेला, रस्ता मोकळा झाला, आता राहा की. तो म्हणतो, म्हणूनच जातो.

"म्हणजे घराक चललो नाय?" पेंटरने विचारलं.

"नाय रे बाबा. त्याला कोण अडवतच नाय. तोच जातो," चाचा म्हणाले. चेन बदललेली पॅंट माझ्या खाटेवर ठेवून ते खाली गेले.

चहा कोणी ठेवला नाही. काका भिंतीला टेकून बसले होते. तिथूनच ते म्हणाले, "कंपनीन माका कधीच अडवल्यान नाय."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. दोन्ही वेळा मंदूब जायचे कागद घेऊन आला होता. दोन्ही वेळा काकांनीच "नको" म्हटलं आणि राहायच्या कागदावर सही केली. पेंटरने का म्हणून विचारलं.

"घराकडे माझां काय काम आसा?" काका म्हणाले. "रजेर जातंय तेव्हा पाव्हण्यासारखे ठेवतत. बांगड्याचो मधलो तुकडो माका. पाण्याचो तांब्यो उचलूक गेलंय तर धावत येतत. मीठ खंय ठेवतत तां माका म्हायती नाय. विसाव्या दिसाक तुमची काकी इचारता, तिकीट कधीचां? मी तिका फोनार इचारतंय, येव काय कायमचो? ती म्हणता, तुमचां तुमी बघा."

शेवटचं वाक्य सांगताना त्यांचा आवाज राजासारखा नव्हता.

मी समजून घ्यायला हवं होतं. मी ओरडलो. म्हटलं, चार वर्षं मी त्या कंपनीला शिव्या घालतोय. त्या मंदूबाला सगळ्यांसमोर हराम म्हटलं, आणि तो बिचारा खरं सांगत होता. काकांनी पटाशीला धार लावायला घेतली. त्याचा मला जास्त राग आला आणि मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. एकाच खोलीत, एकाच डब्यातली आमटी खात, न बोलता आठवडा काढणं सोपं नसतं. मिठासाठी पेंटरला मध्ये घालावं लागतं. मनातून मला वाईट वाटत होतं. ज्या माणसाने मला हत्यार धरायला शिकवलं, तो आपल्याच घरी जायला घाबरतो, हे मला सोसवत नव्हतं.

रविवारी मंदूबला उत्तर द्यायचं होतं. त्याच्या आदल्या शुक्रवारी काकांनी स्वतः चाचांना वर बोलावलं आणि शेवटचा सिनेमा लावला. म्हणाले, आज आमी कोण बोलणव नाय, तुमी वाचा, जसा आसा तसा. मध्ये वफ्र्याच्या मळ्यातून पेंटरने आणलेले मुळे ठेवले होते. छत्रीवाला खातो म्हणून आम्हीही खायला लागलो होतो.

शेवटच्या सिनेमात तो म्हातारा झालाय. एक गुडघा धरलाय. खाणावळीतली बाईही म्हातारी आहे. आणि ही बाई त्याला राहा म्हणतच नाही. चाचा वाचत होते. ती म्हणते, मागचं सरकतं दार अडकतं, बघशील का? तो बघतो. दुसऱ्या दिवशी म्हणते, माडीची पायरी वाजते. तो पायरी काढतो. तलवार गाठोड्यात तशीच. गावात खोत आहे, पण याला वेळ कुठे. सगळा पाऊण तास असाच गेला आणि आम्ही चौघं श्वास धरून एका दाराची दुरुस्ती बघत होतो. मग एका सकाळी तो टोपी घेऊन उभा राहतो, बाई दारात येते, ती काहीतरी बोलायला तोंड उघडते, आणि चित्र थिजलं. तबकडीवर नखाएवढी चीर होती. पुसली, फुंकली, पुन्हा लावली. त्याच जागी थांबे. बाईचं तोंड उघडंच.

पेंटर म्हणाला, "काका, आपण बोलूया मा. मी तिचां बोलतंय."

"नको," काका म्हणाले. त्यांनी फोन उचलला आणि घरी लावला. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे स्पीकर नेहमी चालू. आम्ही उठून बाहेर जायला हवं होतं. कोणी उठलं नाही.

तिकडे काकींनी फोन घेतला. काकांनी तब्येत विचारली नाही, जेवण विचारलं नाही. म्हणाले, "घराकडे काय मोडलेलां बिडलेलां आसा काय गो?"

"असां काय इचारतास?"

"सांग मा."

काकी सुरू झाल्या. मागचं दार घासतं, पावसात फुगतं, उचलून लावावं लागतं. माळ्याच्या शिडीच्या दोन पायऱ्या गेल्यात, त्या कोपऱ्यावरून चढतात. न्हाणीला दारच नाही, गोणपाट लावलंय. देवघराची झडप एका बिजागरीवर लोंबतेय. गावातल्या सुताराला सांगून सांगून त्या दमल्या, तो आज येतो, उद्या येतो म्हणतो. "दोन पावसाळे झाले," त्या म्हणाल्या.

काकांचा चेहरा मी बघत होतो. सुताराच्या घरात न्हाणीला गोणपाट, हे ऐकून ते लाल झाले होते. "मगे माका कित्या नाय सांगलंस?"

"तुमका कसां सांगतलंय?" काकी म्हणाल्या. "तुमी रजेर येतास. रजेर इल्ल्या माणसाक कोण काम सांगता?"

चाचांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुसतच राहिले. काका म्हणाले, "ह्यां सगळां रजेच्या दोन म्हयन्यांत होवचां नाय."

"मगे दोन म्हयन्यांत करा म्हणान कोण सांगता?" काकी म्हणाल्या.

रविवारी काका मंदूबकडे गेले. मीही बरोबर गेलो, कारण मला त्या माणसाची माफी मागायची होती. माझ्या अरबीत माफीचा शब्द नीट नव्हता. तो हसला आणि चहा मागवला.

जाताना काकांच्या बॅगा भरायला आम्ही तिघं बसलो. दर खेपेला त्या बॅगांत दुधाची पावडर, अत्तरं, ब्लँकेटं, खजूर, नातेवाइकांच्या नावानिशी पुड्या असायच्या. या खेपेला त्यांनी एक खजुराचा डबा घेतला आणि बाकी सगळी हत्यारं: दोन रंधे, पटाशांचा संच, ड्रिल, बिजागऱ्या, स्क्रूंचे डबे. वजन काट्यावर जास्त भरलं तेव्हा त्यांनी कपडे काढून ठेवले. ते शर्ट पेंटर अजून घालतो. उंबऱ्यात त्यांची पंचाईत झाली. "येतंय" म्हणावं तर खोटं, "जातंय" तोंडातून निघेना. शेवटी म्हणाले, "लायटीचां बिल बघा रे," आणि जिना उतरले. चाचा खाली गाडी घेऊन उभे होते.

शिमगा झाल्यावर पंधराएक दिवसांनी, सकाळी साइटवर चहाची सुट्टी असताना, मी काकांना फोन लावला. खरं सांगायचं तर मला त्यांची काळजी होती. गावात माणूस परतून आला की पहिला आठवडा कौतुक, मग सगळे आपापल्या उद्योगाला लागतात. फोन काकींनी घेतला. मी नाव सांगितलं, काका आहेत का विचारलं.

"आसत," त्या म्हणाल्या, "पण कामात आसत. संध्याकाळी करा."

मागे रंध्याचा आवाज येत होता. तो थांबला आणि काका ओरडले, "कोण तां? कामाच्या टायमाक फोन करू नको म्हणान सांग."

"आयकलास मा?" काकी मला म्हणाल्या. त्या हसत होत्या. सव्वीस वर्षं हेच वाक्य त्या इकडच्या साइटवरून फोनवर ऐकत आल्या होत्या. रंधा पुन्हा सुरू झाला, तशी त्यांनी मला "ठेवतंय हां" म्हटलं.